विमानाच्या पाठीवरची छोटी चकती

अंबरनाथ-बदलापूरच्या आकाशातून मुंबईकडे जाणाऱ्या विमानांचे पंख खालून दिसतात; पाठीवर बसवलेली हातभर रुंदीचीही नसलेली अँटेनाची चकती दिसत नाही. तिचे मोल १२ नोव्हेंबर १९९६च्या संध्याकाळने शिकवले. हरियाणातील चरखी दादरीच्या आकाशात सौदी आणि कझाक विमानांची टक्कर होऊन ३४९ जीव गेले. १५,००० फुटांवर राहण्याची सूचना असलेले कझाक विमान, समोरून येणाऱ्या सौदी विमानाच्या १४,००० फुटांच्या पातळीपर्यंत उतरले होते.

त्यानंतर भारतात प्रवासी विमानांवर टक्कर टाळणारी यंत्रणा सक्तीची झाली. ती आसपासच्या विमानांना रेडिओसंदेशाने हाक देते, उत्तरावरून त्यांचे अंतर व उंची जाणते आणि धोका जवळ येताच एका वैमानिकास वर, दुसऱ्यास खाली जाण्यास सांगते.

हा अँटेना बसवणे मोठे जोखमीचे काम. मंजूर आराखड्यानुसारच पत्र्याला छिद्र पाडायचे, आतून जोडपत्रा लावून गेलेली मजबुती परत आणायची, विद्युतसंपर्कासाठी रंगाचा थर काढायचा, कडा सीलंटने बंद करायच्या. संपर्क कच्चा राहिला तर संदेश क्षीण होतो. फट राहिली तर पाणी शिरून गंज चढतो. शेवटी चाचणी आणि परवानाधारक अभियंत्याची स्वाक्षरी.

या परवान्याच्या एव्हियॉनिक्स शाखेला 'बी-२' म्हणतात. उल्हासनगर-बदलापूरच्या विज्ञान शाखेतील मुलामुलींनी हे नाव लक्षात ठेवावे. प्रवासी ती स्वाक्षरी कधी पाहत नाही. तिच्याच भरवशावर तो आकाशात निर्धास्त झोपतो.