हॉलंडमधले पहिले पियानो: ऐकीव काय, खरं काय

पियानोच्या इतिहासात हॉलंडचं नाव निघालं, की एक गोष्ट हमखास सांगितली जाते: इंग्लिश ग्रँड पियानोची यंत्रणा अमेरिकस बॅकर्स नावाच्या डच कारागिराने शोधली. ही माहिती ब्रॉडवुड या पियानो बनवणाऱ्या घराण्याच्या आठवणींतून आली आणि पुढे पुस्तकापुस्तकांतून उतरत गेली. तो डच होता, याला त्या आठवणींपलीकडे भक्कम आधार नाही. बॅकर्सचं नावाजलेलं काम लंडनचं. त्याचा १७७२ चा ग्रँड आज एडिनबरोच्या संग्रहात आहे.

दुसरा समज मोझार्टचा. १७६५-६६ चा हिवाळा त्याने द हेग आणि अ‍ॅमस्टरडॅममध्ये काढला, हे खरं. पण तिथे त्याने पियानो गाजवला, हे म्हणणं घाईचं. राजकन्या कॅरोलिनला अर्पण केलेल्या त्याच्या सहा सोनाटांवर छापलेलं वाद्य हार्प्सिकॉर्ड आहे. वारं फिरलेलं दिसतं ते पुढे. नोव्हेंबर १७८३ मध्ये बारा वर्षांचा बेथोवेन द हेगच्या दरबारात वाजवून गेला, तेव्हा त्याला फोर्टेपियानोसाठी, म्हणजे त्या काळच्या पियानोसाठी, ६३ गिल्डर बिदागी मिळाली.

मधल्या काळात काय घडलं, ते कळायला दरबार सोडून घरातल्या बैठकीच्या खोलीत यावं लागतं. पियानोचा शोध फ्लॉरेन्सच्या बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरीचा. मेदिची घराण्याच्या १७०० च्या वाद्यांच्या यादीत त्याच्या वाद्याची नोंद आहे. पण घरोघरी शिरला तो योहान्नेस त्सुम्पे या जर्मन कारागिराने १७६० च्या दशकात लंडनला बनवलेला छोटा, चौकोनी पियानो. अ‍ॅमस्टरडॅमच्या माइंके आणि पीटर मेयर या बंधूंनी शतकाच्या अखेरीस चौकोनी पियानोच बनवले. नवा शोध हॉलंडच्या नावावर नाही, यात मला काहीच उणेपणा वाटत नाही. दुसऱ्याची युक्ती नीट समजून घेऊन घरात ठेवता येईल असं सुरेल वाद्य घडवणं, हेही मोठंच कसब आहे.

या चौकोनी पियानोचं झाकण उघडून पाहावं. पट्टी दाबली की तिच्या मागच्या टोकावरची, चामड्याची टोपी घातलेली धातूची काडी वर सरकते आणि हातोडीला ढकलते. शेवटचं अंतर हातोडी स्वतःच्या वेगाने जाते, तारेला लागते आणि परत खाली पडते. हार्प्सिकॉर्डमध्ये पिसाची नखी तार छेडते, त्यामुळे बोटाच्या जोराने आवाज फारसा बदलत नाही. इथे तो बदलतो. मात्र अशी सोय पियानोनेच पहिल्यांदा केली, हाही गैरसमजच. क्लॅव्हिकॉर्ड या जुन्या पट्ट्यांच्या वाद्यावर ते आधीपासून जमत होतं, फक्त त्याचा आवाज अगदी हळू.

पियानो आला म्हणून बाकीची वाद्यं अडगळीत गेली, असंही झालं नाही. डच घरांत स्तोत्रं गायला कपाटात बसवलेला छोटा ऑर्गन असे, आपल्या पायपेटीसारखाच भात्याच्या हवेवर चालणारा. खाउडा या डच शहरातल्या हेस या कारागिरांनी असे ऑर्गन बनवले.

आता उरला ‘जुना पियानो कमजोर’ हा शेरा. त्याचा आवाज बारीक आणि स्वच्छ आहे, कारण तारा पातळ, हातोड्या चामड्याने मढवलेल्या आणि सांगाडा लाकडाचा. त्याला आजच्या पियानोइतकं ताणलं, तर लाकूड पिळवटतं. तारांचा तेवढा ताण पेलणारी अखंड लोखंडी चौकट पुढची. बॉस्टनच्या अल्फियस बॅबकॉकने तिचं पेटंट घेतलं ते १८२५ मध्ये.