मोटारीच्या इंजिन-संगणकासाठी अल्पखर्ची मुक्तस्रोत साधने : विकास, उपयोग आणि मर्यादा
(यवतमाळ जिल्ह्याच्या संदर्भात)

प्रस्तावना

कार्ब्युरेटरच्या काळात इंजिनाचे समायोजन हे मिस्त्रीच्या हाताचे व कानाचे काम होते. स्क्रू फिरवून, इंजिनाचा आवाज ऐकून आणि स्पार्क प्लगच्या टोकाचा रंग पाहून तो हवा व पेट्रोल यांचे मिश्रण ठरवीत असे. इंधन-इंजेक्शन आल्यानंतर हे काम इंजिन नियंत्रण एककाकडे, म्हणजेच ईसीयूकडे गेले. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज-६ मानके देशभर लागू झाली आणि बहुतेक नव्या दुचाकींमध्येही इंजेक्टर आला. त्यामुळे यवतमाळ, वणी, पुसद किंवा पांढरकवडा येथील छोट्या गॅरेजसमोर आज एक बंद डबा आहे. त्यातील प्रोग्राम उत्पादकाच्या मालकीचा असतो व तो पाहता येत नाही. हा डबा समजून घेण्यास मुक्तस्रोत साधने कितपत साहाय्य करतात, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

ईसीयूचे कार्य

ईसीयू प्रथम सिलिंडरमध्ये किती हवा आली याचा अंदाज घेतो आणि त्या प्रमाणात इंधन देतो. त्यासाठी हवेचा दाब, तापमान व इंजिनाची गती मोजणारे संवेदक असतात. उदाहरणार्थ, १२०० घनसेंटिमीटरच्या चार सिलिंडरी इंजिनात प्रत्येक सिलिंडरचे आकारमान ३०० घनसेंटिमीटर असते. हवेचा दाब ५० किलोपास्कल, तापमान २७ अंश सेल्सिअस आणि सिलिंडर भरण्याची कार्यक्षमता ८० टक्के धरल्यास सुमारे ०.१४ ग्रॅम हवा आत येते. शुद्ध पेट्रोलच्या पूर्ण ज्वलनासाठी १४.७ भाग हवेस एक भाग इंधन लागते. म्हणून इंजेक्टरने सुमारे ९.५ मिलिग्रॅम पेट्रोल सोडले पाहिजे. आत येणारी हवा ४५ अंशांपर्यंत तापली, तर ती विरळ होते आणि हीच मात्रा सुमारे ८.९ मिलिग्रॅमवर येते. विदर्भातील उन्हाळ्यात ही दुरुस्ती दुर्लक्षणीय नाही.

भरण्याची कार्यक्षमता मात्र सर्व गतींना सारखी नसते. म्हणून गती व दाब यांच्या प्रत्येक जोडीसाठी तिचे मूल्य एका तक्त्यात साठवलेले असते. त्यास ‘मॅप’ म्हणतात. हा मॅप, तसेच ठिणगीच्या वेळेचा स्वतंत्र मॅप, इंजिनानुरूप सुधारणे म्हणजे ट्यूनिंग होय. हे काम वेळेच्या दृष्टीने काटेकोर असते. मिनिटास ६००० फेरे होत असताना क्रँकशाफ्ट एक अंश फिरण्यास सुमारे २८ मायक्रोसेकंद लागतात.

मुक्तस्रोत साधनांचा विकास

स्वतः जोडता येणाऱ्या स्वस्त ईसीयूची चळवळ प्रामुख्याने अमेरिकेत ब्रूस बाउलिंग व अल ग्रिपो यांच्या ‘मेगास्क्वर्ट’ या प्रकल्पाने २००१ च्या सुमारास रुजवली. त्याचा प्रोग्राम वाचता येत असे. परंतु तो त्यांच्याच मंडलांवर वापरण्याची अट होती. त्यामुळे त्यास काटेकोर अर्थाने मुक्तस्रोत म्हणता येत नाही. पुढे ‘फ्री ईएमएस’, ‘रसईएफआय’ आणि ‘स्पीडुइनो’ या प्रकल्पांनी जीपीएल परवाना स्वीकारला. या परवान्यानुसार प्रोग्राम वाचता, बदलता व वाटता येतो. मात्र बदललेली आवृत्ती इतरांना देताना तिचा स्रोतही खुला ठेवावा लागतो.

ऑस्ट्रेलियातील जॉश स्टुअर्ट यांनी सुरू केलेला ‘स्पीडुइनो’ हा ‘अर्डुइनो मेगा २५६०’ या शैक्षणिक मंडलावर चालू शकतो. या मंडलाचा वेग केवळ १६ मेगाहर्ट्झ व कार्यकारी स्मृती ८ किलोबाइट असूनही त्यात १६ × १६, म्हणजे २५६ घरांचा इंधन-मॅप सामावतो. मंडलाची सुसंगत प्रत साधारणतः हजार-दोन हजार रुपयांत मिळते. त्यावर इंजेक्टर व इग्निशन कॉइल चालविणारे स्वतंत्र परिपथ जोडावे लागतात.

वाहनातील मूळ ईसीयू न बदलता केवळ वाचणारी साधने हा दुसरा प्रकार होय. भारतात चारचाकी वाहनांसाठी ओबीडी-२ ही स्वनिदान व्यवस्था एप्रिल २०१३ पासून लागू झाली. तिच्या जोडणीतून संवेदकांची मूल्ये व दोषसंकेत स्वस्त वाचकाद्वारे मोबाइलवर पाहता येतात.

जिल्ह्याच्या संदर्भात उपयोग

पहिला उपयोग शिक्षणाचा आहे. यवतमाळ व पुसद येथे अभियांत्रिकी महाविद्यालये आहेत. जिल्ह्यात तंत्रनिकेतन व औद्योगिक प्रशिक्षण संस्थाही आहेत. ‘अर्डुस्टिम’ या मुक्तस्रोत साधनाने दुसरे अर्डुइनो मंडल फिरत्या इंजिनाच्या दातेरी चाकाचे संकेत निर्माण करते. त्यामुळे इंजिन नसतानाही टेबलावर ईसीयू चालवून विद्यार्थ्यास कारण व परिणाम यांचा संबंध पाहता येतो. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाने मुक्तस्रोत सॉफ्टवेअरचे शिक्षण मराठीतूनही उपलब्ध केल्याने असा अभ्यास भाषेमुळे अडण्याचे कारण कमी झाले आहे.

दुसरा उपयोग निदानाचा. देशात २०२५ मध्ये २० टक्के इथेनॉलमिश्रित पेट्रोलचे उद्दिष्ट गाठले गेले. या इंधनास सुमारे १३.५ भाग हवा लागते. म्हणजे वरील उदाहरणात ९.५ ऐवजी १०.३ मिलिग्रॅम इंधन द्यावे लागेल. ऑक्सिजन संवेदक असलेली गाडी ही दुरुस्ती आपल्या मर्यादेत स्वतः करते. ती किती झाली हे ओबीडी वाचकावर दिसते. त्यामुळे मायलेजविषयीच्या तक्रारीत इंधनाचा वाटा कोणता आणि तुंबलेल्या इंजेक्टरचा कोणता, हे मिस्त्रीस आकड्यांच्या आधारे तपासता येते.

तिसरा मुद्दा सार्वजनिक हिताचा आहे. फोक्सवॅगन कंपनीच्या डिझेल गाड्यांतील प्रोग्राम प्रदूषण-चाचणी ओळखून वागणूक बदलतो, हे सप्टेंबर २०१५ मध्ये अमेरिकेत उघड झाले. पुण्याच्या एआरएआय संस्थेच्या तपासणीनंतर भारतातही सुमारे ३.२३ लाख गाड्या परत बोलावण्याची घोषणा झाली. बंद प्रोग्राममध्ये दडलेली बाब नागरिकांच्या श्वासाशी निगडित असू शकते, हे या प्रकरणाने दाखविले.

मर्यादा

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार वाहनातील फेरबदलांवर निर्बंध आहेत. २०१९ च्या दुरुस्तीने आणलेल्या कलम १८२-अ नुसार अवैध फेरबदलासाठी वाहनमालकास सहा महिन्यांपर्यंत कारावास, प्रत्येक फेरबदलामागे ५००० रुपये दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. म्हणून प्रमाणित वाहनाचा ईसीयू काढून घरगुती ईसीयू बसविणे हा रस्त्यावरील गाड्यांसाठी पर्याय नव्हे. मिश्रणात इंधन कमी पडले किंवा ठिणगी फार लवकर पडली, तर इंजिनात ठोका निर्माण होऊन पिस्टन निकामी होऊ शकतो. शिवाय स्वस्त साधन म्हणजे संपूर्ण स्वस्त व्यवस्था नव्हे : अचूक ट्यूनिंगसाठी लागणारा वाइडबँड ऑक्सिजन संवेदक मंडलापेक्षा महाग पडतो आणि स्पीडुइनोसोबत सर्रास वापरले जाणारे ‘ट्यूनरस्टुडिओ’ हे सॉफ्टवेअर मुक्तस्रोत नाही.

निष्कर्ष

मुक्तस्रोत ईसीयूचे यवतमाळसारख्या जिल्ह्यातील खरे स्थान प्रयोगशाळेत व विद्यार्थ्यांच्या स्पर्धा-वाहनांत आहे. गॅरेजमध्ये त्याच ज्ञानाचा उपयोग निदानासाठी व्हावा. इंजिनाची शक्ती वाढविणे हा त्याचा गौण लाभ होय. कार्ब्युरेटर उघडून शिकलेल्या मिस्त्रीच्या पुढील पिढीला इंजिन-संगणकही उघडून शिकता यावा, हा त्याचा मुख्य लाभ आहे. त्यासाठी एखाद्या संस्थेने दोन मंडले व एक जुने इंजिन यांपासून आरंभ केला, तरी तो पुरेसा ठरेल.