खाडीपलीकडची मुंबई

बोरिवली पश्चिमेची वस्ती जिथे संपते तिथे गोराईची खाडी लागते आणि तिच्यापलीकडे धारावी बेट. माहीमजवळच्या धारावीशी याचा संबंध नावापुरताच. गोराई, मनोरी ही गावं मुंबई महापालिकेत, उत्तन मीरा-भाईंदरमध्ये, पण बेट एकच. बोटीनं काही मिनिटांचं अंतर; गाडीनं जायचं तर भाईंदरमार्गे लांबलचक वळसा. कौलारू घरं आणि भाताची खाचरं इथे अजून दिसतात, त्याचं बरंचसं श्रेय मी या गैरसोयीलाच देईन.

बहुतेक पाहुणे पॅगोडा बघून परततात. सत्यनारायण गोएंका यांच्या प्रेरणेनं उभा राहिलेला हा विश्व विपश्यना पॅगोडा ८ फेब्रुवारी २००९ रोजी तेव्हाच्या राष्ट्रपती प्रतिभा पाटील यांच्या हस्ते खुला झाला. घडण यांगूनच्या श्वेडगॉनसारखी, उंची सुमारे ३२५ फूट. लांबून डोळ्यांत भरतो तो सोनेरी रंग, पण खरी करामत आत आहे. ८,००० माणसं बसतील एवढ्या दालनात एकही खांब नाही; एकमेकांत गुंतवलेल्या दगडांवर सगळा घुमट तोललेला. दालनात प्रवेश फक्त दहा दिवसांचं शिबिर केलेल्या साधकांना. बाकीच्यांनी काचेतून पाहायचं. शेजारचं एस्सेलवर्ल्ड १९८९ ते २०२२ चाललं. आता वॉटर किंगडमची गर्दी तेवढी उरली आहे.

गोराईचा किनारा लांब आणि सपाट, रविवारी मात्र गजबजलेला. ग्रीक बेटांची निळाई इथे शोधू नये. पाणी मातकट, भरतीबरोबर प्लॅस्टिकही येतं. पोहायचा विचार सोडून चालत सुटावं. माझी पसंती मनोरीला. मालाडच्या मार्वे धक्क्यावरून सुटणाऱ्या बोटीत माणसांबरोबर स्कूटरही चढतात.

ही गावं ईस्ट इंडियन लोकांची: ख्रिस्ती, पण बोली मराठी. मनोरीच्या मोबाई भवनातल्या छोट्या संग्रहालयात त्यांची लुगडी, दागिने, स्वयंपाकाची भांडी जपलेली आहेत. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी आगेरा असतो; नव्या भाताच्या लोंब्या वाजतगाजत चर्चमध्ये नेतात. बेटावर जायला याहून चांगला दिवस नाही. ओळखीचं घर असेल तर बाटली मसाल्यातलं मटण आणि फुगे खाल्ल्याशिवाय उठू नका.

उत्तनला पावसाळा सरला की बांबूच्या मांडवांवर बोंबील वाळत पडतात. जवळच चौक गावाशी धारावी किल्ल्याचे अवशेष. पाहायला फारसं उरलेलं नाही, पण वसईच्या खाडीचं तोंड इथून नजरेत येतं आणि चिमाजी आप्पांच्या वसई मोहिमेत ही जागा का महत्त्वाची होती ते नकाशाशिवाय कळतं.

उत्तनहून भाईंदर स्टेशनला बस आहे, तेव्हा परतीची बोट चुकली तरी घाबरायचं कारण नाही. सुके बोंबील घेतले असतील तर पिशवी दुहेरी बांधा. लोकलमधला शेजारी तुमच्याइतका खवय्या असेलच असं नाही.