सुटी झालेली स्पोर्ट्‌स कार : जोडावी की विकावी?

प्रतिनिधी, वसई

भुईगावसारख्या किनारपट्टीच्या गावात खारी हवा लोखंडाला सोडत नाही. त्यामुळे सुटी करून ठेवलेली ब्रिटिश स्पोर्ट्‌स कार जोडण्यापूर्वी इंजिनाआधी सांगाडा तपासणे अगत्याचे ठरते. १९६२ ते १९८० या काळात तयार झालेल्या 'एमजीबी'ला स्वतंत्र चॅसी नाही. दारांखालील पोकळ पत्रे भाराचा मोठा हिस्सा पेलतात. ते गंजले असल्यास खर्च हाताबाहेर जातो. सुटे भाग मात्र ब्रिटनमधून आजही मागविता येतात.

कागदपत्रेही तितकीच महत्त्वाची. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपातील गाडीची 'व्हिंटेज' म्हणून नोंदणी होते. नव्या नोंदणीचे शुल्क २० हजार रुपये ठरविण्यात आले. अशी गाडी रोजच्या वापरासाठी नसते. सांगाडा शाबूत आणि गाडीवरील क्रमांक कागदांशी जुळणारा असेल, तरच जोडणीस हात घालावा.