भरती शोधताना नोकरभरती

सर्चच्या चौकटीत नुसतं 'भरती' टाइप केलं की समुद्र येत नाही. पोलीस भरती येते, तलाठी भरती येते आणि जखमेवर मीठ चोळायला शिक्षक भरतीही येते. सातवीच्या भूगोलात 'भरती-ओहोटी' हा धडा आहे. मनोरीत तो शिकवायचा म्हणजे पंचाईतच. इथल्या कित्येक मुलांच्या घरच्या होड्या पाण्याची वेळ बघून सुटतात, त्यामुळे पाणी चढतं आणि उतरतं हे त्यांना बाईंनी सांगायची गरज नसते. ते का, किती आणि केव्हा, एवढंच माझ्या वाट्याला उरतं. त्यासाठी आदल्या रात्री जेवणं आटोपल्यावर मोबाइल घेऊन बसावं लागतं.

शोधायची रीत अवघड नाही. 'भरती-ओहोटी' हे शब्द जोडीनं, अवतरणचिन्हांत टाकायचे. नको असलेल्या शब्दाच्या आधी, मध्ये जागा न सोडता, वजाचं चिन्ह द्यायचं: '-नोकरी', '-अर्ज'. एवढ्यानं बराच केरकचरा निघून जातो. चित्रांकडे वळलं की नवी अडचण उभी राहते. 'चंद्र' आणि 'पृथ्वी' हे शब्द हिंदीतही तेच, म्हणून ज्वार-भाट्याच्या आकृत्यांची रांग लागते. त्यांतल्या बहुतेकींत सूर्य आणि चंद्र एकाच मापाचे असतात. तशी एखादी घेतलीच, तर 'आकृती प्रमाणात नाही' ही ओळ मी हातानं खाली लिहिते. चित्र छापून वाटायचं असेल तर वापराचे हक्क दाखवणारी चाळणी लावून खुल्या परवान्याचंच निवडते. पुस्तकातला क्यूआर कोड 'दीक्षा'वर नेतो. तिथला मजकूर धड्याला धरून असतो, पण तो अख्ख्या राज्यासाठी केलेला. त्यात आमची खाडी कुठून येणार?

फोटोंमध्ये कॅनडातला फंडीचा उपसागर हटकून सापडतो. तिथे भरती-ओहोटीतला फरक १६ मीटरपर्यंत जातो. फोटो झकास असतात, मुलं आ वासून बघतात आणि लगेच विचारतात, "बाई, आपल्याकडे किती?" तास खरा इथे सुरू होतो, म्हणून याचं उत्तर आधीच हाताशी हवं.

ते मिळतं भरतीच्या कोष्टकात. मुंबईचं कोष्टक सहसा अपोलो बंदराचं असतं, आणि अपोलो बंदर म्हणजे मनोरीची जेट्टी नव्हे. मिनिटांचा फरक पडणारच. शिवाय त्यातली उंची नेहमीच्या पाण्यापासून मोजलेली नसते, फार खालच्या ओहोटीच्या पातळीपासून मोजलेली असते. महापालिका दर पावसाळ्यात ४.५ मीटरहून मोठ्या भरतीचे दिवस जाहीर करते आणि बातम्यांत त्याच्या 'साडेचार मीटरच्या लाटा' होऊन जातात. ती पाण्याची पातळी आहे, लाटेची उंची नव्हे. अशी एक बातमी शोधून मी वर्गात वाचून दाखवते आणि चूक मुलांनाच काढायला लावते. पुस्तकातल्या प्रश्नोत्तरांपेक्षा हे जास्त लक्षात राहतं, असा माझा अनुभव आहे. सर्च केल्यावर सगळ्यात वर जो तयार सारांश येतो तो मी वाचते, पण वर्गात नेत नाही. वेळ कुठल्या बंदराची, कुठल्या तारखेची, हे मूळ पानावर जाऊन बघितल्याशिवाय चैन पडत नाही.

एकदा कोष्टक फळ्यावर उतरवत असताना मागच्या बाकावरून आवाज आला, "आमचे आजोबा मोबाइल न बघता सांगतात. तिथीची पाऊणपट करायची." कोकण किनाऱ्यावरचा हा जुना हिशेब. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमाराला भरती. मग आम्ही कॅलेंडर मागवलं, तिथ्या लिहिल्या, शेजारी पाऊणपट मांडली आणि त्याशेजारी कोष्टकातली वेळ. कुठे आकडे जवळजवळ जुळले, कुठे अर्ध्या-पाऊण तासाचं अंतर राहिलं. पौर्णिमेला हिशेब सव्वाअकरा सांगतो, मुंबईत मात्र भरती बाराच्या आसपास येते. असं का? चंद्र रोज सरासरी ५० मिनिटं उशिरा येतो आणि पाऊण तास म्हणजे ४५. रोजची ती चार-पाच मिनिटं साठत जातात. आजोबांचा हिशेब तोंडी करता यावा म्हणून सोपा ठेवलेला, कोष्टक मिनिटाला पक्कं. मुलांनी दोन्ही वह्यांत उतरवून घेतले. ज्यांची घरं जेट्टीजवळ आहेत त्यांनी आठवडाभर पाण्याची खरी वेळ टिपायचं कबूल केलं. काहींनी टिपलीही.

त्या तासाचं साहित्य म्हणजे शेवटी एक पान: डावीकडे आकृती, उजवीकडे तीन रकाने, चौथा रकाना रिकामा, तो मुलांनी भरायचा. शोधायला थोडा वेळ गेला. निवडायला, मोजमाप तपासायला आणि कापूनछाटून एका पानात बसवायला रात्र गेली. 'नेटवर सगळं आयतं मिळतं' असं म्हणणाऱ्या साहेबांना हा वेळ कुठल्याच तक्त्यात दिसत नाही.

शिक्षकांच्या व्हॉट्सअॅप गटांवर अशी पानं पीडीएफ होऊन फिरतात, ते चांगलंच आहे. फक्त एक विनंती. पान पुढे पाठवताना खाली बंदराचं नाव, वर्ष आणि ते कुठून घेतलं, एवढं लिहा. भरतीच्या वेळा दर वर्षी त्याच तारखांना येत नाहीत, आणि गेल्या वर्षीचं कोष्टक या वर्षी फळ्यावर लिहिलं तर मनोरीतली मुलं पहिल्याच दिवशी बाईंना पकडतील.