पाण्याचा हिशेब आणि गावाचा अधिकार

पावसाने पंधरा-वीस दिवसांची उघडीप दिली की धाराशिव जिल्ह्यात एकाच शिवारात दोन भिन्न दृश्ये दिसतात. ओढ्याकाठच्या काळ्या जमिनीतील सोयाबीन तग धरून असते. बालाघाटच्या उतारावरील मुरमाड जमिनीत मात्र तेच पीक माना टाकते. मंडळाच्या पर्जन्यमापकावरील नोंद दोघांसाठी एकच असते. मग केवळ गावाच्या सरासरीवर योजना आखली, तर उतारावरील शेतकऱ्याची टंचाई कागदावर दिसणार कोठे?

तंत्रज्ञान सर्वसमावेशक व न्याय्य असावे असे आपण म्हणतो. त्याचा व्यावहारिक अर्थ या प्रश्नात दडलेला आहे.

मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील प्रा. मिलिंद सोहोनी हे मूळचे संगणकशास्त्राचे अभ्यासक. पुढे ते संस्थेच्या 'सितारा' या केंद्राच्या कार्यात रमले. ग्रामीण भागासाठी तंत्रज्ञानाचे पर्याय शोधण्याच्या हेतूने हे केंद्र १९८५ मध्ये स्थापन झाले. पिण्याचे पाणी, सिंचन, वाहतूक अशा लोकांच्या नित्य गरजा हाच अभियांत्रिकी शिक्षणाचा विषय व्हावा, ही त्यांच्या कार्यामागील भूमिका होय. स्थानिक प्रश्नांच्या अभ्यासासाठी महाविद्यालये व प्रशासन यांची सांगड घालणारे 'उन्नत महाराष्ट्र अभियान' शासनाने २०१६ मध्ये सुरू केले, तेही याच दिशेने.

नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प जागतिक बँकेच्या साहाय्याने २०१८ मध्ये सुरू झाला. त्याच्या पहिल्या टप्प्यात १५ जिल्हे होते व धाराशिव हा त्यांतील एक. या प्रकल्पासाठी गावाच्या पाण्याचा ताळेबंद मांडण्याची पद्धती मुंबईच्या याच संस्थेने विकसित केली.

ताळेबंद कसा मांडतात?

एक हेक्टर क्षेत्रावर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे १० घनमीटर, अर्थात १०,००० लिटर पाणी मिळाले. या हिशेबाने १,००० हेक्टरांच्या गावात ६०० मिलिमीटर पाऊस पडल्यास ६० लाख घनमीटर पाणी येते. आकडा मोठा दिसतो. परंतु त्यातील काही पाणी वाहून जाते, काही मातीत ओल म्हणून राहते व पिकांच्या उपयोगी पडते, तर काही जमिनीत खोल मुरते. हे प्रमाण मातीचा प्रकार, तिची खोली, उतार आणि पीक यांवर अवलंबून असते. म्हणूनच या पद्धतीत गावाचे पाणलोटानुसार विभाग पाडून प्रत्येकाचा हिशेब स्वतंत्रपणे केला जातो. संपूर्ण गावाची बेरीज पुरेशी भासली, तरी एखाद्या विभागातील खरिपाला संरक्षित पाण्याची एखादी पाळी कमी पडते, ही गोष्ट त्यातून उघड होते.

निर्णय कोणाचा?

यंत्र आकडा देईल. पाणी कोणाला प्रथम, हा निर्णय मात्र माणसांचा आहे. उतारावरील खरीप वाचवावयाचा की खालच्या अंगाच्या उसाला पाणी पुरवावयाचे, याचे उत्तर संगणकाकडे नाही. शेततळे पावसाऐवजी विहिरीच्या उपशाने भरल्यास भूगर्भातील सामायिक पाणी एकाच्या तळ्यात साठते व शेजाऱ्याची विहीर लवकर आटते. साधन चांगले असूनही नियमांअभावी अन्याय घडतो, तो असा.

शिवाय नकाशावरील माती व प्रत्यक्ष शेतातील माती नेहमी जुळतेच असे नाही. ती चूक प्रथम त्या शेतकऱ्याच्या लक्षात येते. यास्तव नव्या साधनाचा स्वीकार करताना ग्रामपंचायतीने तीन प्रश्न अवश्य विचारावेत : यात कोणाची नोंद राहून गेली? हा हिशेब गावाला वाचता व समजून घेता येतो काय? तो चुकल्यास दुरुस्ती कोणी व किती दिवसांत करावयाची?

पाण्याचा ताळेबंद भ्रमणध्वनीत बंदिस्त न राहता मराठीत फलकावर लिहिला जावा आणि ग्रामसभेत मोठ्याने वाचला जावा. डोक्यावर पाणी वाहणाऱ्या स्त्रिया, अल्पभूधारक व भूमिहीन यांचे म्हणणे त्या वेळी नोंदविले जाणे अगत्याचे आहे. शिक्षकांच्या मार्गदर्शनाखाली विद्यार्थ्यांनी गावातील निवडक विहिरींची पाणीपातळी दरमहा नोंदविल्यास गणित व भूगोल यांचा तो जिवंत पाठ ठरेल. गावाजवळ स्वतःचा पुरावाही जमा होईल.

ज्याच्या शेताचा हिशेब मांडावयाचा, त्याला तो तपासण्याचा व दुरुस्त करून घेण्याचा अधिकार असावा. एवढे पथ्य पाळले गेले, तर उतारावरील शेतकरी कागदावरही दिसू लागेल.