आज्ञावलीचे भाषांतर : ‘आर’मधून ‘पायथन’मध्ये

‘आर’ भाषेत लिहिलेली संख्याशास्त्रीय आज्ञावली ‘पायथन’ भाषेत उतरविण्याचा प्रसंग संशोधनात आता वारंवार येतो. एका भाषेतील आज्ञेऐवजी दुसरीतील तत्सम आज्ञा ठेवली की काम झाले, असा एक समज आढळतो. तो तपासून पाहणे आवश्यक आहे.

या दोन भाषांची कुळे भिन्न आहेत. ‘आर’चे मूळ बेल प्रयोगशाळेत १९७६ साली आरंभ झालेल्या ‘एस’ या भाषेत आहे. पुढे १९९० नंतरच्या दशकात ऑकलंड विद्यापीठातील रॉस इहाका आणि रॉबर्ट जंटलमन यांनी ‘आर’ घडविली. संख्याशास्त्राचे संकेत तिच्या अंगी मुळातच मुरलेले आहेत. गिडो व्हॅन रोसम यांची ‘पायथन’ १९९१ साली प्रसिद्ध झाली ती सर्वसाधारण उपयोगासाठी. तिच्यात सांख्यिकी येते ती ‘नमपाय’, ‘पांडाज’ अशा पूरक संचांद्वारे.

भाषांतरात दोन प्रकारचे दोष संभवतात. पहिल्यात आज्ञावली अडते. हा दोष लगेच ध्यानात येतो. दुसऱ्यात ती बिनतक्रार चालते, परंतु उत्तर निराळे देते. हिंदीतील ‘शिक्षा’ म्हणजे शिक्षण, मराठीतील ‘शिक्षा’ म्हणजे दंड. रूप एकच असल्यामुळेच अनुवादक फसतो. येथेही तसेच घडते.

एका स्वराच्या पाच उच्चारांचे कालमापन ८०, ९०, १००, ११० व १२० मिलिसेकंद आहे असे समजू. पहिला उच्चार सरावाचा म्हणून वगळावयाचा आहे. ‘आर’मध्ये चौकटी कंसात उणे एक लिहिले असता पहिला घटक गळतो आणि उरलेल्यांची सरासरी १०५ येते. ‘पायथन’मध्ये त्याच चिन्हाचा अर्थ ‘शेवटचा घटक’ असा होतो. सरासरी म्हणून १२० मिळतात. पाचही मापनांचे प्रमाण विचलन काढले तर ‘आर’ १५.८१ सांगते, ‘नमपाय’ १४.१४. कारण वर्गांच्या बेरजेला, म्हणजे १००० ला, ‘आर’ एकाने कमी संख्येने, म्हणजे ४ ने भागते. ‘नमपाय’ अन्य सूचना नसल्यास ५ ने. विशेष हे की ‘पांडाज’ पुन्हा ४ नेच भागतो.

गहाळ नोंदींचेही असेच आहे. एकही मापन गहाळ असेल, तर ‘आर’ सरासरी सांगण्याचे नाकारते व संशोधकाला निर्णय घ्यावयास लावते. ‘पांडाज’ ती नोंद मुकाट्याने वगळून सरासरी देतो. निर्णय घेतला जातोच. मात्र तो संशोधकाने घेतलेला नसतो.

यावरून कार्यपद्धती सूचित होते. मूळ आज्ञावलीतील प्रत्येक टप्प्याचा हेतू प्रथम साध्या मराठी वाक्यात लिहावा आणि त्या वाक्याचे भाषांतर करावे, चिन्हांचे नव्हे. भाजक, गहाळ नोंदी यांविषयीचे संकेत गृहीत न धरता स्पष्टपणे नमूद करावेत. एका लहान नमुन्यावर मूळ आज्ञावलीची उत्तरे टप्प्याटप्प्याने नोंदवून नव्या उत्तरांशी ताडून पाहावीत. ताळा जुळल्यावाचून कोणताही निष्कर्ष प्रबंधात जाऊ नये. कारण प्रबंध वाचणाऱ्यास आकडा दिसतो, भाजक दिसत नाही.